घरकुलाला पैसा शासनाचा, जागा मात्र गावाची
बारामती-इंदापुरातील बेघरांचा प्रश्न आणि लोकसहभाग

बेघर कोण, या प्रश्नाचे उत्तर बारामती आणि इंदापूर तालुक्यांत ऋतूप्रमाणे बदलते. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी या परिसरात ऊसतोडणी मजुरांच्या कोप्या उभ्या राहतात. हंगाम सरला की त्या उठतात. कालव्याकडेची, माळरानावरची आणि गावाबाहेर गायरानात पडलेली पाले मात्र बाराही महिने हलत नाहीत. बसस्थानकाच्या किंवा मंदिराच्या आडोशाने रात्र काढणारे निराधार हा तिसरा वर्ग. तिघांच्या गरजा वेगळ्या असल्याने उपायही एकच असू शकत नाही.

२०११ च्या जनगणनेने देशात सुमारे १७ लाख ७० हजार आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार बेघर मोजले. ती मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. पदपथ, पुलाखालची जागा, मोठे नळ, जिने, देवळे, फलाट येथे झोपणाऱ्यांनाच तीत बेघर मानले होते. पालात किंवा मोडक्या झोपडीत राहणारे सहसा या आकड्यात येत नाहीत. ग्रामीण भागातील खरा प्रश्न मात्र त्यांचाच आहे.

पैसा आहे, जागा नाही

घरकुलांसाठी योजनांची वाण नाही. १९८५ मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेची जागा २०१६ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेने (ग्रामीण) घेतली. सपाट प्रदेशात घरामागे १ लाख २० हजार रुपये, त्याखेरीज रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार रुपये अशी तिची रचना ठरली. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी आणि पारधी समाजासाठी पारधी आवास योजना आहे. या सर्व योजनांची पहिली अट एकच, ती म्हणजे स्वतःच्या नावावर जागा. नेमके तेच ज्याच्याकडे नाही, तो मंजूर यादीत नाव येऊनही पालातच राहतो.

ही अडचण ओळखून राज्य शासनाने २०१५ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा खरेदीसाठी ५० हजार रुपयांचे साह्य सुरू केले व २०२४ मध्ये ते १ लाख रुपयांपर्यंत वाढविले. परंतु बागायती पट्ट्यात आणि औद्योगिक वसाहतीच्या आसपास जमिनीचे भाव असे आहेत की, या रकमेत जागा मिळणे दुरापास्त ठरते. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २०११ मध्ये आलेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेत प्रत्येक कुटुंबाला ५ गुंठे जमीन आणि २६९ चौरस फुटांचे घर देण्याची तरतूद आहे. तिचेही घोडे बहुधा जागेपाशीच अडते.

ग्रामसभेची भूमिका

गावठाण विस्तार असो वा गायरानातील भूखंड, प्रस्तावाला गावाची संमती लागते. घरकुलाची यादीही ग्रामसभेपुढे वाचून कायम होते. न्यायालयाने गायरान देण्यास बंदी केली आहे, असे उत्तर अनेकदा ऐकू येते. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात जानेवारी २०११ मध्ये सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला, हे खरे. मात्र भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेनुसार दिलेल्या जागांचा अपवाद त्याच निकालात नमूद आहे. त्यामुळे दार पूर्णपणे बंद झालेले नाही.

खरी मेख निराळीच आहे. ग्रामसभेचा सदस्य तोच, ज्याचे नाव गावच्या मतदार यादीत आहे. पालातील माणसाचे नाव बहुतेकदा कोठेच नसते. ज्याच्या घराचा निर्णय व्हायचा, त्यालाच सभेत बसता येत नाही. आणि जे बसतात, त्यांच्यातील काहींचा आपल्या शिवाराजवळ अशी वस्ती होण्यास विरोध असतो. १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. लोकांच्या मनातून तो अजून पुरता गेलेला नाही.

सुरुवात नोंदीपासून

म्हणूनच लोकसहभागाचे पहिले काम वर्गणी काढणे हे नसून नोंद करणे हे आहे. निवडणूक आयोगाच्या नियमांनुसार बेघर व्यक्तीस मतदार होण्यासाठी पत्त्याचा कागद लागत नाही. केंद्रस्तरीय अधिकारी रात्री जागेवर जाऊन ती व्यक्ती तेथे झोपते का, याची खात्री करतो. शिक्षक, अंगणवाडी सेविका, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि बचतगटांच्या महिला यांनी असे अर्ज भरून दिले, तर पुढील शिधापत्रिका, जातीचा दाखला आणि घरकुलाची यादी ही वाट सुकर होते. त्यानंतर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभांत जागेचा ठराव मांडता येतो.

ऊसतोडणी मजुरांना येथे कायमचे घर नको असते. त्यांना हवे असते हंगामापुरते पाणी, वीज, शौचालय आणि मुलांसाठी शाळा. हे काम कारखाना, ग्रामपंचायत आणि ज्यांच्या शेतात कोयता चालतो ते ऊसउत्पादक यांनी मिळून करावयाचे आहे. शहरातील निराधारांसाठी २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय होईल असा कायमस्वरूपी निवारा आणि प्रत्येकी ५० चौरस फूट जागा हे निकष घालून दिले. मात्र निवाऱ्याची इमारत उभारून काम संपत नाही. तेथे डॉक्टर, समुपदेशक आणि घरच्यांचा शोध घेणारी माणसे नागरिकांतूनच पुढे यावी लागतात.

शेजारचे उदाहरण

इंदापूरची शीव ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. तेथील महिला विडी कामगारांनी सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन केली, आपला वाटा जमविला आणि केंद्र व राज्य शासनाकडे सतत पाठपुरावा केला. कुंभारी येथील त्यांच्या १० हजार घरांचे लोकार्पण २००६ मध्ये झाले. त्याच परिसरातील रे नगर प्रकल्पात असंघटित कामगारांची ३० हजार घरे नियोजित होती. त्यांपैकी १५ हजारांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आला. पुण्यातील येरवड्यात झोपडपट्टीवासीयांनी महिला मिलन संघटनेच्या साह्याने आपल्या घरांचे आराखडे ठरविण्यात भाग घेतला आणि जुन्या जागीच पक्की घरे बांधून घेतली. दोन्ही ठिकाणी शासनाचा पैसा होता. परंतु ज्यांना घर हवे होते ते निर्णयात सहभागी होते, म्हणून काम तडीस गेले.

भागभांडवल गोळा करून साखर कारखाने उभे करणाऱ्या या दोन तालुक्यांना सहकाराचा धडा नव्याने शिकविण्याची गरज नाही. आगामी जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन जाहीर झाला आहे. आपल्या शिवारात उघड्यावर कोण झोपते, याची यादी गावाने तोवर स्वतःच केली, तर निदान त्या मोजणीत कोणी सुटणार नाही. पुढच्या ग्रामसभेत जागेचा विषय निघेल, तेव्हा हीच यादी हाताशी असेल.