तंबाखूचा पाहुणचार

दारूला आमच्या समाजाने नेहमी दाराबाहेर उभे केले. तंबाखूस मात्र ओसरीवर पाट मांडून दिला. सातारा-सांगलीकडील खेड्यांत आल्यागेल्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला की मागोमाग चंची सुटे आणि पानसुपारीबरोबर तंबाखूची चिमूट पुढे येई. बांधावर, गुऱ्हाळावर, चावडीपुढे चिलीम या हातातून त्या हातात फिरे. शहरातील सुशिक्षितांनी चिलमीच्या जागी सिगारेट आणली, पण रीत तीच ठेवली. नको म्हणणारा माणूसघाणा ठरावा, असा या पाहुणचाराचा दंडक. म्हणून तंबाखूचा इतिहास हा आमच्याकडे बहुतांशी शिष्टाचाराचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते. आणि हे ध्यानात घेतल्यावाचून, अपाय ठाऊक असूनही ती का सुटत नाही, याचा उलगडा होत नाही.

या शिष्टाचारास प्राचीनत्वाचा आधार देण्याची कित्येकांस हौस असते. चरकसंहितेत धूमपान सांगितले आहे, असा दाखला ते देतात. दाखला खरा आहे. परंतु तेथील धूमवर्ती सुगंधी व औषधी द्रव्यांची आहे. तीत तंबाखू असणे शक्यच नव्हते, कारण ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचल्यानंतरच बाकीच्या जगास तिची ओळख झाली. आमच्याकडे ती पोर्तुगीजांनी आणली, आणि तिचे नावही त्यांच्याच भाषेतून आले.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती विजापूरच्या आदिलशाहीत येऊन पोचलेली होती. मिरज, पन्हाळा, साताऱ्याचा किल्ला ही सर्व ठिकाणे त्या काळी याच दरबाराच्या अंमलाखाली असल्यामुळे पुढील प्रसंग आम्हांस परका नाही. अकबराचा वकील असदबेग विजापुरास गेला असता तेथे त्याने तंबाखू पाहिली, आणि १६०४ च्या सुमारास सुंदर नळीसह ती बादशहापुढे नजर केली. बादशहाने थोडे झुरके घेताच दरबारचा हकीम पुढे झाला. जिच्याविषयी आपल्या शास्त्रकारांनी काही लिहून ठेवलेले नाही, ती वस्तू परीक्षेवाचून घेणे योग्य नव्हे, असे त्याचे म्हणणे. असदबेगाने उत्तर दिले की, जगातील प्रत्येक चाल केव्हातरी नवीनच होती. अकबराने उत्तराचे कौतुक केले, परंतु स्वतः ती सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र ती उचलली, व्यापाऱ्यांनी विक्रीस मांडली. आणि १६१७ साली जहांगीराने मनाई केली तरी तिचा प्रसार थांबला नाही. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानेही १६०४ सालीच तंबाखूच्या निषेधाची पुस्तिका काढली होती. तिचाही परिणाम तोच. हकिमाने परीक्षा मागितली होती. ती व्हावयास जवळजवळ साडेतीनशे वर्षे लागली.

मधल्या काळात ही पाहुणी घरधनीण झाली. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात आणि दक्षिणेस निपाणीच्या पट्ट्यात तिचे पीक उभे राहिले. निपाणी तर विडीच्या तंबाखूची मोठी पेठ बनली. विलायती सिगारेटीवर बहिष्कार पडला तेव्हा टेंभुर्णीच्या पानातील विडीस स्वदेशीचे पाठबळ लाभले. १९४३ साली सरकारने तंबाखूवर अबकारी कर बसविला, आणि तिच्या धुरात राजकोषाचेही हित गुंतले. त्याच सुमारास साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारची चळवळ चालू होती. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच मोडत असे. प्रतिसरकारने गावोगाव दारूबंदीचा आग्रह धरला, लग्नातील उधळपट्टी थांबविली. परंतु दारूविरुद्ध जशी लोकांची चळवळ उठली, तशी तंबाखूविरुद्ध उठली नाही.

यात त्या पिढीस दोष देण्याचे कारण नाही. दारूचा परिणाम त्याच रात्री घरादारास दिसतो. तंबाखू वीस-तीस वर्षे वाट पाहते. पंचविशीत ओढलेल्या विडीचा आणि पंचावन्नाव्या वर्षी उद्भवलेल्या रोगाचा संबंध एका माणसाच्या अनुभवावरून जुळत नाही. त्यास हजारो माणसांची मोजदाद लागते. मुंबईस १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तंबाखू चघळणे आणि तोंडाचा कर्करोग यांच्या संबंधाचा अभ्यास केला. १९५० साली डॉल व हिल या इंग्रज संशोधकांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध आकड्यांनी दाखविला, आणि १९५१ पासून त्यांनी ब्रिटनमधील हजारो डॉक्टरांच्या सवयींची व मृत्यूंची नोंद ठेविली. पन्नास वर्षांनी, २००४ साली निघालेला निष्कर्ष असा की, आयुष्यभर सिगारेट ओढणारा न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी दहा वर्षे आधी जातो. विडी सौम्य, ही समजूतही टिकली नाही. भारतातील मृत्यूंच्या पाहणीत २००८ साली आढळले की विडीने पुरुषाच्या आयुष्यातील सुमारे सहा आणि स्त्रीच्या आयुष्यातील सुमारे आठ वर्षे हरपतात.

हे नुकसान केवळ कर्करोगाचे नव्हे. धुरातील विषारी वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, रक्तवाहिन्या कठीण होतात, हृदयविकार व अर्धांगवायू जवळ येतात. तमिळनाडूतील एका मोठ्या अभ्यासात २००३ साली दिसून आले की, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत क्षयाने मरण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे चौपट आहे. मिरजेस १८९४ साली डॉ. वानलेस यांनी रुग्णालय उभारले. पुढे जवळच वानलेसवाडीस क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. स्वच्छ हवेसाठी जेथे रोगी येत, त्या परिसरातील वाचकांस या आकड्याचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको.

इतकी परीक्षा झाल्यावर पाहुणीने वेष पालटला. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे शंभरांत चारांहून कमी भरले. पण तंबाखू खाणारे अगर मिश्रीसारखी दातांस लावणारे शंभरांत चोवीस निघाले. धूर गेला, विष राहिले. माजघरातील मिश्रीस व्यसन न म्हणण्याची आमची सवय हाही त्याच जुन्या शिष्टाचाराचा भाग होय.

परंतु याच परीक्षेने एक आनंदाची वार्ताही दिली आहे. शरीर क्षमाशील आहे. शेवटचा झुरका घेतल्यावर एक-दोन दिवसांत रक्तातील विषारी वायू निघून जातो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो. त्याच ब्रिटिश डॉक्टरांच्या नोंदींवरून दिसते की, साठीत सोडणाऱ्यास सुमारे तीन, पन्नाशीत सोडणाऱ्यास सहा, चाळिशीत सोडणाऱ्यास नऊ वर्षे परत मिळतात, आणि तिशीत सोडणाऱ्याचे जवळजवळ सर्व नुकसान भरून येते. पहिले काही दिवस चिडचिड, निद्रानाश, तळमळ होते. तिचा जोर बहुधा दोन-चार आठवड्यांत ओसरतो. आता वय झाले, सोडून काय उपयोग, हे म्हणणे म्हणून खरे नव्हे.

या पिकावर पोट भरणाऱ्यांचे काय, हा प्रश्न उरतोच. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीचे तंबाखू-उत्पादक रास्त भावासाठी रस्त्यावर बसले, आणि गोळीबारात त्यांपैकी कित्येकांनी प्राण गमावले. त्यांना पर्यायी पीक व बाजार मिळवून देणे हे समाजाचे ऋण आहे. परंतु ते ऋण आपल्या मुलांच्या फुप्फुसांनी फेडावे, असे तो शेतकरीही म्हणणार नाही.

सार्वजनिक जागी धूम्रपान करण्यास २००८ च्या २ ऑक्टोबरपासून देशभर बंदी आहे. पण कायदा चावडीपर्यंत जातो, ओसरीवर येत नाही. तेथील हुकूम घरच्या माणसांचाच चालतो. आल्या पाहुण्यास गूळपाणी द्यावे, चहा द्यावा, पानही द्यावे. तंबाखू तेवढी पुढे करू नये, आणि कोणी नको म्हणाला तर त्यास आग्रह करू नये. ही चाल प्रथम चमत्कारिक वाटेल. त्यास आमचे उत्तर असदबेगाचेच आहे: प्रत्येक चाल केव्हातरी नवीनच होती.