हातोडी अन् पक्कड एकाच मुठीत



हातोडी, पक्कड, चाकू, स्क्रू ड्रायव्हर असं सगळं एकत्र जोडलेलं हत्यार बाजारात मिळतं. चकाकी बघून हात खिशाकडे जातो. पण जरा थांबा. अशी हत्यारं कोणत्या गरजेतून आली ते ऐका, म्हणजे पारख करणं सोपं जाईल.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या डीकाल्ब गावी जोसेफ ग्लिडन नावाचे शेतकरी होते. तिकडच्या गवताळ मैदानात कुंपणाला लाकूड-दगड कमी. गुरांपासून पीक राखायचं कसं? ग्लिडन यांनी कॉफी दळायच्या चक्कीवर तारेचे काटे वळवले असं सांगतात. ते काटे दोन तारांच्या पिळात त्यांनी पक्के बसवले. १८७४ साली त्यांना या काटेरी तारेचं पेटंट मिळालं.

कुंपण आलं, तशी डागडुजीही आली. लाकडी खांबातला दोन टोकांचा खिळा उपटा, तार तोडा, ओढा, पिळा, नवा खिळा ठोका. त्यासाठी रानात किती अवजारं वाहायची? यातूनच कुंपणाची पक्कड निघाली. तिला एका अंगाला हातोडीचं तोंड, दुसऱ्या अंगाला खिळा उपटायची चोच आणि तार तोडायला धार असते.

खिशात मावणारं घडीचं हत्यार पुष्कळ नंतरचं. टिम लेदरमन यांचं असं हत्यार १९८३ साली विक्रीस आलं. त्यात पक्कड, चाकू, कानस होती, हातोडी नव्हती. ठोकायला वजन लागतं, आणि खिशाला वजन नको असतं!

तेव्हा घेताना एवढं पाहा:

हातोडीचं तोंड घडीव पोलादाचं आणि भरीव असावं. पक्कड मिटून हलवा. सांधा खिळखिळा लागला तर घेऊ नका. दुकानातच तारेचा तुकडा तोडून बघा. तुमचे खांब लाकडी असतील तर हातोडीचा उपयोग. लोखंडी अँगलला तार बांधायची असेल, तर साधी पक्कड पुरे. छिन्नी ठोकायला मात्र वेगळा हातोडा ठेवा.

आणि डोळे सांभाळा. हातोडीवर हातोडी आपटू नका. कपची उडून डोळा जायचा. ताणलेली तार तोडली की उसळते. बाजूला उभे राहा, डोळ्यांवर चष्मा असू द्या.

एका हत्याराला चार कामं सांगा, पण पाचवं त्याच्या गळ्यात मारू नका.