विदर्भ क्रिकेट संघ : रणजी हंगाम २०१७–१८

विदर्भाच्या संघाने रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला तो हंगाम. मुख्य प्रशिक्षक चंद्रकांत पंडित (त्यांचे विदर्भाकडील पहिलेच वर्ष), कर्णधार फैज फझल. अंतिम सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर २९ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झाला. १ जानेवारी २०१८ रोजी, चौथ्याच दिवशी, विदर्भाने दिल्लीचा ९ गडी राखून पराभव केला.

पार्श्वभूमी : महाराष्ट्र राज्यातून रणजी स्पर्धेत तीन संघ उतरतात. मुंबई, महाराष्ट्र (मुख्यालय पुणे) आणि विदर्भ (मुख्यालय नागपूर). महाराष्ट्राचे शेवटचे विजेतेपद १९४०–४१ चे, प्रा. दि. ब. देवधरांच्या काळातले. विदर्भ १९५७–५८ पासून स्पर्धेत आहे, पण २०१७ पर्यंत एकदाही अंतिम फेरीत पोहोचलेला नव्हता. मुंबईच्या विजेतेपदांपुढे या दोन्ही संघांची नोंद बहुधा तळटिपेत होत आली.

प्रशिक्षक : पंडित (जन्म १९६१, मुंबई) हे रमाकांत आचरेकरांच्या तालमीत तयार झालेले यष्टिरक्षक-फलंदाज. भारतातर्फे ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला २००२–०३, २००३–०४ आणि २०१५–१६ असे तीनदा रणजी करंडक मिळवून दिले. २०१६–१७ च्या अंतिम सामन्यात मुंबई गुजरातकडून हरली आणि पंडितांची मुंबईतली कारकीर्द संपली. त्याच वर्षी विदर्भाने त्यांना नेमले. त्यांची शिस्त कडक, काहींच्या मते जाचक, अशी ख्याती आहे.

साखळी फेरी : ड गट. ६ सामने, ४ विजय, २ अनिर्णित, ३१ गुण, गटात अव्वल.

उपान्त्यपूर्व फेरी : सुरत. केरळवर ४१२ धावांनी विजय. विदर्भ २४६ आणि ९ बाद ५०७ (डाव घोषित), केरळ १७६ आणि १६५. दुसऱ्या डावात डावखुरा फिरकीपटू आदित्य सरवटेचे ४१ धावांत ६ बळी. केरळचे प्रशिक्षक डॅव्ह व्हॉटमोर, म्हणजे १९९६ साली श्रीलंकेला विश्वचषक जिंकून देणारे. त्याच फेरीत नागपुरात कर्नाटकाने मुंबईला एक डाव २० धावांनी हरवले, म्हणून उपान्त्य फेरीत विदर्भासमोर कर्नाटक आले.

उपान्त्य फेरी : कोलकात्याचे ईडन गार्डन्स, १७ ते २१ डिसेंबर. हंगामाचा खरा कस येथेच लागला, अंतिम सामन्यात नव्हे. विदर्भ पहिल्या डावात १८५. अभिमन्यू मिथुनने ५ गडी टिपले. करुण नायरच्या १५३ धावांमुळे कर्नाटकाने ३०१ पर्यंत मजल मारली, आघाडी ११६. अशा स्थितीतून सामना वाचवणेही कठीण असते. विदर्भाने दुसऱ्या डावात ३१३ केल्या, त्यात सर्वाधिक ८१ गणेश सतीशच्या, जो स्वतः पूर्वी कर्नाटकाकडून खेळत असे. कर्नाटकापुढे आव्हान १९८ धावांचे. चौथ्या दिवसअखेर ७ बाद १११. अखेरच्या सकाळी ८७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. विनय कुमार, मिथुन आणि श्रेयस गोपाळ यांनी लक्ष्य हाकेच्या अंतरावर आणले. उरलेले तिन्ही गडी मध्यमगती गोलंदाज रजनीश गुरबानीने घेतले. कर्नाटक सर्वबाद १९२, विदर्भ ५ धावांनी विजयी. गुरबानीचे पृथक्करण ९४ धावांत ५ आणि ६८ धावांत ७, सामन्यात १६२ धावांत १२. तो स्थापत्य अभियंता आहे, ही बाब त्यानंतर जवळपास प्रत्येक वृत्तांतात आली.

अंतिम सामना : दिल्ली २९५ (ध्रुव शोरी १४५) आणि २८०, विदर्भ ५४७ आणि १ बाद ३२. उमेश यादव भारतीय संघासोबत दक्षिण आफ्रिकेला गेल्याने किशोरवयीन आदित्य ठाकरेचे प्रथम श्रेणी पदार्पण थेट या सामन्यात झाले. पहिल्या डावात गुरबानीचे ५९ धावांत ६ बळी आणि हॅटट्रिक : विकास मिश्रा, नवदीप सैनी, शोरी. तिघेही त्रिफळाचित. दोन षटकांत विभागलेली ही हॅटट्रिक रणजीच्या अंतिम सामन्यातली दुसरी. पहिली तामिळनाडूच्या बी. कल्याणसुंदरमची, १९७२–७३ मधली. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने कारकिर्दीतले पहिले प्रथम श्रेणी शतक (१३३) याच सामन्यात काढले. वसीम जाफर ७८, सरवटे ७९, सिद्धेश नेरळ ७४. जाफरचे हे नववे रणजी विजेतेपद, आधीची आठ मुंबईकडून.

आकडेवारी : फझल ९१२ धावा, ५ शतके. संजय रामस्वामी ७७५ धावा. गुरबानी ६ सामन्यांत ३९ बळी.

श्रेयाचा प्रश्न : वृत्तपत्रांनी विजयाचे श्रेय बहुतांशी पंडितांना दिले. हंगामापूर्वीही फझल, जाफर, सतीश, सरवटे आणि फिरकीपटू वाखरे संघात होतेच. नागपुरातील गोलंदाजांच्या घडणीत विदर्भ क्रिकेट संघटनेच्या अकादमीचा व सुब्रतो बॅनर्जींच्या मार्गदर्शनाचा वाटा मानला जातो. प्रशिक्षकाचा वाटा धावफलकावर उमटत नाही, त्यामुळे याचा निवाडा येथे केलेला नाही. मात्र बाद फेरीतील तिन्ही सामने गोलंदाजांनी फिरवले, हे धावफलकावरून स्पष्ट दिसते.

इराणी करंडक : मार्च २०१८, नागपूर. विदर्भ ७ बाद ८०० (घोषित), जाफर २८६. पहिल्या डावातील आघाडीवर विजय.

पुढील वाटचाल : २०१८–१९ मध्ये नागपूरच्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. पंडित पुढे मध्य प्रदेशाकडे गेले. १९९८–९९ मध्ये त्याच संघाचे कर्णधार असताना ते अंतिम सामना हरले होते. २०२१–२२ मध्ये प्रशिक्षक म्हणून त्यांनी मध्य प्रदेशाला पहिला करंडक मिळवून दिला, तोही मुंबईला हरवून. विदर्भाचे तिसरे विजेतेपद २०२४–२५ चे, कर्णधार वाडकर. त्या संघात २०१७–१८ मध्ये विदर्भाविरुद्ध शतके काढणारे करुण नायर आणि ध्रुव शोरी हे दोघेही होते.