सहा धावा राहिल्या

कपिलदेवच्या आधी नवा चेंडू टाकणारा आणि फलंदाजीतही भरवशाचा असा आपला अष्टपैलू कोण, असं मी क्रिकेटवेड्या तरुणांना विचारतो. कोणी करसन घावरीचं नाव घेतं, कोणी अबीद अलींचं. कोल्हापूरच्या माणसाचं नाव कोल्हापुरातसुद्धा चटकन येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

दत्तू फडकर १९२५ साली कोल्हापूरला जन्मले. त्यांच्याआधी अमरसिंग होते. पण ते सातच कसोट्या खेळले आणि १९४० साली गेले. स्वतंत्र भारताचा पहिला संघ १९४७ च्या अखेरीस लाला अमरनाथांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियात गेला, तेव्हा फडकर जेमतेम बावीस वर्षांचे. सिडनीची दुसरी कसोटी ही त्यांची पहिली. पावसानं खेळपट्टीची दैना केलेली. फडकरांनी ५१ धावा केल्या आणि १४ धावांत तीन बळी घेतले. ब्रॅडमनचा ऑस्ट्रेलिया १०७ धावांत गारद झाला! पावसानं पुढं सामनाच धुऊन नेला.

ॲडलेडला मात्र ऑस्ट्रेलियानं ६७४ धावा कुटल्या. एवढं क्षेत्ररक्षण करून फलंदाजीला यायचं, आणि आपले पाच बाद १३३. विजय हजारे एका बाजूला उभे होते. फडकरांनी त्यांच्याबरोबर १८८ धावांची भागी केली आणि स्वतः १२३ काढल्या. हजाऱ्यांनी त्या सामन्यात दोन शतकं ठोकली, त्यामुळं ॲडलेड म्हटलं की हजारेच आठवतात. ते योग्यच आहे. पण भागी एकट्यानं होत नाही.

चार वर्षांनी, १९५२ साली लीड्सला तोच प्रसंग पुन्हा आला. फ्रेड ट्रूमनची ती पहिली कसोटी. आपल्या दुसऱ्या डावात फळ्यावर एकही धाव लागलेली नसताना चार गडी बाद! मग पाच बाद २६. तिथून हजारे आणि फडकरांनी १०५ धावा जोडल्या. त्यांत फडकरांच्या ६४. त्या शून्यावर चार बादची गोष्ट आपण अजून सांगतो. पुढची सांगत नाही.

गोलंदाज म्हणून तर फडकरांचं नशीब आणखीच खडतर. आपल्या पाटा खेळपट्ट्यांवर नव्या चेंडूचं काम एकच : लकाकी घालवायची आणि चेंडू विनू मांकडांच्या हाती द्यायचा. फडकर चेंडू चांगला स्विंग करत, आणि तो जुना झाला की चक्क ऑफस्पिन टाकत. दुसऱ्या टोकाला त्यांच्या तोडीचा वेगवान साथीदार क्वचितच असायचा. जानेवारी १९४९ मध्ये मद्रासला वेस्ट इंडिजच्या सलामीच्या जोडीनं २३९ धावा केल्या, डाव ५८२ वर गेला, आणि त्यात फडकरांचे सात बळी १५९ धावांत. आपण तो सामना डावानं हरलो.

त्यानंतर लगेच मुंबईची पाचवी कसोटी. ब्रेबोर्नवर शेवटच्या दिवशी माझे वडील प्रेक्षकांत होते. विजयाला ३६१ धावा हव्या होत्या. तोवर भारतानं एकही कसोटी जिंकलेली नव्हती. हजाऱ्यांनी १२२ केल्या, रुसी मोदींनी ८६. ते गेल्यावर फडकर एक बाजू धरून झुंजत राहिले. समोरून वेळ काढणं चाललं होतं, घड्याळ पुढं सरकत होतं. आठ बाद ३५५, फक्त सहा धावा हव्यात, आणि पंचांनी बेल्स उचलल्या. षटकाचा एक चेंडू बाकी होता, आणि वेळही दीड मिनिट शिल्लक होती, असं नंतर मोजणाऱ्यांनी सांगितलं. फडकर नाबाद ३७.

वडील पुढं जन्मभर म्हणायचे, "त्या चेंडूवर फडकरांनी षटकार मारलाच असता!" मी हुज्जत घालायचो. दमलेला फलंदाज, सीमेवर पेरलेले क्षेत्ररक्षक, एका चेंडूत सहा धावा सहज होत नाहीत. ते ऐकायचे नाहीत. तेव्हा मला तो हट्ट वाटायचा. आता कळतं की त्यांना तो षटकार नको होता, तो चेंडू हवा होता.

पहिला विजय त्यानंतर तीन वर्षांनी, फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध मिळाला. मांकडांचे बारा बळी सर्वांना पाठ आहेत. त्या सामन्यात फडकरांच्या ६१ धावा होत्या. त्याच मालिकेत कलकत्त्याला त्यांनी ११५ केल्या होत्या.

रणजी स्पर्धेत ते महाराष्ट्र, मुंबई, बंगाल आणि रेल्वे अशा चार संघांकडून खेळले. एकदा तर मुंबईकडून पुण्यात महाराष्ट्राच्याच विरुद्ध दोन्ही डावांत शतकं ठोकली; १९४८-४९ चा तो उपांत्य सामना, दोन्ही संघांच्या मिळून २,३७६ धावांचा! पुणेकरांनी ते मनाला किती लावून घेतलं असेल, देव जाणे.

शेवटची कसोटी ते कलकत्त्याला खेळले, जानेवारी १९५९ मध्ये ती संपली. एकूण ३१ कसोट्या, १,२२९ धावा, ६२ बळी. त्यानंतर आपल्याकडं वेगवान गोलंदाजीचा असा दुष्काळ पडला की १९६७ साली बर्मिंगहॅमला बुधी कुंदरन या यष्टिरक्षकाला नवा चेंडू दिला गेला. कपिलदेव फैसलाबादला उतरला तो ऑक्टोबर १९७८ मध्ये. फडकर १९८५ च्या मार्चमध्ये मद्रासला वारले. म्हणजे कपिलनं लॉर्ड्सवर विश्वचषक उचलला, तेव्हा ते हयात होते.