खांद

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्या बेसा गावात बैलांची खांदशेकणी होई. तूप-हळद कोमट करून पळसाच्या पानानं खांद्याले लावायची, अन् हात जोडून उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. खांद सुजलेला बैल बाबा जुवाले लावत नसत. माणसाच्या खांद्याले मात्र अशी तिथी नव्हती.

माझा उजवा खांदा १९८४ साली निखळला. बंडीवरून कापसाचं गाठोडं उतरवताना घसरलो अन् हातावर पडलो. बाबांनी हाडवैद्याकडे नेलं. त्यानं मला उताणं निजवलं, बगलेत टाच रोवली अन् मनगट धरून हळूहळू हात ओढला. खट् आवाज झाला, खांदा बसला. पुढे वाचण्यात आलं, की सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीसच्या हिपोक्रेटिसच्या नावानं हीच रीत लिहिली गेली. आमच्या वैद्याले तर अक्षरओळखही नव्हती! पण यात नस दुखावू शकते, मोडलेलं हाड आणखी बिघडू शकतं. म्हणून आता आधी एक्स-रे काढतात.

वैद्य म्हणाला, "तीन हप्ते हात हालवू नको गा." पण कापूस वेचणीचे दिवस. बाबा काही बोलले नाहीत, नुसते गाठोड्याकडे पाहत राहिले. आठव्या दिवशी मी झोळी सोडली.

खांद्याची वाटी उथळ. म्हणून हात चहूकडे फिरतो, अन् म्हणूनच सुटतोही. तरण्या वयात एकदा निखळला, की पुन्हा पुन्हा निखळण्याचा धोका राहतो. माझा चारदा निखळला.

साठीनंतर हात वर जाईना. तपासणीत आतली शीर फाटलेली निघाली. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. हाडात बारीक खुंट्या बसवून शीर धाग्यानं बांधली. सहा हप्ते झोळी. मग वाकून हात लोंबता ठेवून झोके, नंतर भिंतीवर बोटं चालवत वर नेणं. व्यायाम शिकवणारी ताई म्हणे, "घाई करू नका, काका."

घाई कशाची? मिहान आलं, बेसाची वावरं लेआउटात गेली, त्यात आमचंही गेलं. खांद्याले आराम मिळाला, तेव्हा वाहायले काही उरलं नव्हतं.

भिंतीवर रोज पेन्सिलीनं खूण करत गेलो. वर खुंटीले जुनं जू टांगलं आहे. पाचव्या महिन्यात बोट तिथं पोचलं. जू खाली काढलं नाही. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हटलं आहे. यावेळी ऐकतो.