लिहिलेले चिन्ह आणि दिसणारे चिन्ह

संगणकाच्या आज्ञावलीकडे लिखित संहिता म्हणून पाहिले, तर तिच्या इतिहासात एक जुना पेच आढळतो : विचाराला हवे असलेले चिन्ह यंत्रापाशी नसते. अलोन्झो चर्च यांनी १९३० च्या दशकात आपल्या कलनासाठी 'लॅम्डा' हे ग्रीक अक्षर योजले. पुढे जॉन मॅकार्थी यांच्या लिस्प भाषेत ती कल्पना आली. परंतु पंचकार्डावर ते अक्षर नव्हते. त्यामुळे त्याचे नाव रोमन अक्षरांत लिहावे लागले. चिन्हाची जागा चिन्हाच्या नावाने घेतली.

१९६० च्या अल्गोल अहवालाने हा पेच तत्त्वतः मान्य करून संदर्भभाषा, प्रकाशनभाषा आणि यंत्ररूपे असे तीन स्तर कल्पिले. केनेथ आयव्हर्सन यांच्या एपीएलने उलट मार्ग धरला. तिच्या चिन्हांसाठी टंकयंत्राचा खिळेगोलच निराळा घडवावा लागला. मुख्य प्रवाह मात्र आस्की संकेतावलीमागे गेला. १९६३ च्या आस्कीत असलेले दोन बाणही १९६७ मध्ये वगळले गेले. मग बाणासाठी '->' अशी जोडचिन्हे रूढ झाली. डोनाल्ड क्नूथ यांच्या 'वेब' प्रणालीने १९८० च्या दशकात '<=' ऐवजी '≤' छापून दाखविले; पण ते छापील पानावर.

युनिकोडच्या प्रसारानंतर हे रूपांतर लेखनाच्या पडद्यावरच शक्य झाले. ईमॅक्स या संपादकाच्या २४.४ या आवृत्तीत (२०१४) तशी सोय आली. फाइलीत 'लॅम्डा' हा शब्द अक्षरशः तसाच राहतो. पडद्यावर मात्र एकच ग्रीक अक्षर दिसते. संहिता न बदलता तिचे दर्शन बदलते.

देवनागरीच्या वाचकाला हे अपरिचित नाही. 'क्ष' हे अक्षर युनिकोडमध्ये क, हलन्तचिन्ह आणि ष अशा तीन संकेतांनी साठविले जाते. दिसते ते एक. तथापि येथे एक मूलभूत भेद लक्षात घेतला पाहिजे. 'क्ष'चे एकरूप हा साऱ्या भाषिक समाजाचा संकेत आहे. संपादकातील बाण हा एका वाचकाने स्वतःपुरता केलेला संकेत आहे. त्याच्या पडद्यावर नीट जुळलेल्या ओळी दुसऱ्याच्या पडद्यावर विस्कटतात. शिवाय समोरचे '≤' खरोखर लिहिलेले आहे की केवळ दाखविलेले, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. यंत्राच्या दृष्टीने मात्र त्या दोन भिन्न संहिता असतात. म्हणून या सोयीचा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. अनेकांनी मिळून लिहावयाच्या संहितेत प्रत्येकाचे वाचन किती खाजगी असू शकते, हा तो प्रश्न आहे.