विवाहप्रसंगींचा आहेर व त्याची यादी

विवाहाचें निमंत्रण हातीं आलें म्हणजे घरांत पहिला प्रश्न तिथीचा निघतो व दुसरा आहेराचा. तिथि पत्रिकेवर छापलेली असते. आहेराचें मात्र ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. काय द्यावें, किती द्यावें, त्यांनीं आपल्या घरच्या लग्नांत काय दिलें होतें, हें सारें आठवून व जुनी वही चाळून मग निर्णय होतो. पाश्चात्य देशांत या प्रश्नास एक निराळें उत्तर निघालें आहे. तें असें कीं, वधूवरांनीं आपणांस काय हवें त्याची यादी आगाऊ करून दुकानांत ठेवावी व आप्तेष्टांनीं तींतून निवड करावी. आतां ही चाल आपल्याकडेहि डोकावूं लागली आहे. कित्येकांस ती सोयीची वाटते, तर कित्येकांस ती उघड निर्लज्जपणाची वाटते. आपल्या मंदिराच्या बांधणीचा व धर्मगुरूंच्या कार्याचा वृत्तांत या स्मरणिकेंत इतर लेखक देतीलच. ज्या वेदीपुढें आपल्या कित्येक पिढ्यांनीं विवाहाचीं वचनें दिलीं, त्या वेदीपासून मांडवापर्यंत आपल्याबरोबर चालत आलेल्या आहेराचा इतिहास येथें थोडक्यांत पाहूं.

विवाहांत भेटी देण्याची रीति पवित्र शास्त्राइतकी जुनी आहे. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायांत अब्राहामाचा सेवक इसहाकासाठीं वधू शोधावयास जातो. विहिरीवर रिबेका त्याच्या उंटांस पाणी पाजते, तेव्हां तो तिला अर्धा शेकेल वजनाची सोन्याची नथ व दहा शेकेल वजनाचीं दोन कांकणें देतो. पुढें संबंध ठरल्यावर वस्त्रें व अलंकार तिला, आणि मौल्यवान वस्तु तिच्या भावास व आईस मिळतात. याकोबापाशीं देण्यास कांहीं नव्हतें, म्हणून त्यानें राहेलीसाठीं सात वर्षें चाकरी पतकरली. तोबीताच्या ग्रंथांत रागुएल आपल्या मुलीची पाठवणी करितांना आपल्या मालमत्तेचा अर्धा भाग जांवयाच्या स्वाधीन करितो. या तिन्ही कथांत देणें आहे, परंतु त्याचें रूप निराळें आहे. पहिलें वराकडून येतें, दुसरें श्रमाचें आहे, व तिसरें मुलीच्या बापाकडून येतें. यावरून आहेराची एकच एक रीति देवानें घालून दिली आहे असें कोणीं म्हणूं नये. ती देशकालानुसार बदलत आली आहे.

ख्रिस्तसभेच्या इतिहासांत विवाहाच्या दानाचें सर्वांत लोकप्रिय उदाहरण चौथ्या शतकांतील मायरा नगरीचे बिशप संत निकोलस यांचें होय. परंपरा अशी सांगते कीं, एका दरिद्री गृहस्थास तीन मुली होत्या व हुंड्यावांचून त्यांचीं लग्नें होत नव्हतीं. संत निकोलस यांनीं रात्रीच्या अंधारांत त्यांच्या खिडकींतून सोन्याच्या थैल्या आंत टाकल्या आणि आपलें नांव कोणास कळूं नये अशी काळजी घेतली. पुढें हेंच काम धर्मबंधुसंघांनीं संघटितपणें केलें. रोम शहरांत सांता मारिया सोप्रा मिनेर्व्हा या मंदिरांत कार्डिनल हुआन दे तोर्केमादा यांनीं १४६० सालीं देवदूताच्या संदेशाच्या नांवानें एक बंधुसंघ स्थापिला. गरीब मुलींच्या विवाहास द्रव्यसाहाय्य करणें हाच त्याचा हेतु होता. त्या मंदिरांत चित्रकार आंतोनियाझ्झो रोमानो याचें एक चित्र आहे. त्यांत कार्डिनल तीन मुलींस देवमातेपुढें आणीत आहेत व देवमाता स्वहस्तें थैली देत आहे. येथेंहि याद्या होत्या. मात्र त्या गरजवंत मुलींच्या होत्या, हव्या असलेल्या वस्तूंच्या नव्हत्या. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

स्पेन देशांत व तेथून फिलिपिन्समध्यें गेलेल्या एका रीतींत तर देणें प्रत्यक्ष विधींतच येतें. तेथें वर वधूच्या हातीं तेरा नाणीं ठेवतो व धर्मगुरू त्यांस आशीर्वाद देतात. नाण्यांची किंमत तेथें कोणी विचारीत नाहीं. जें माझें तें तुझें, एवढाच त्याचा अर्थ.

आतां यादीच्या चालीचा उगम पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंड व अमेरिका येथील सुखवस्तु घराण्यांत विवाहाच्या भेटी मेजांवर मांडून पाहुण्यांस दाखविण्याची चाल पडली. प्रत्येक वस्तूपाशीं देणाऱ्याच्या नांवाचें कार्ड असे, आणि मोठ्या घरच्या लग्नांतील भेटींच्या याद्या वर्तमानपत्रांतूनहि छापून येत. जेथें प्रदर्शन आलें तेथें चढाओढ आली, आणि चढाओढीबरोबर अडचणहि आली. एकाच घरांत लोणच्याच्या चांदीच्या पांच बरण्या येत, परंतु जेवणाच्या ताटांचा एक जोड पुरा होत नसे. ही अडचण व्यापाऱ्यांच्या नजरेस आली. शिकागो येथील मार्शल फील्ड या प्रसिद्ध दुकानानें १९२४ सालीं वधूंची नोंदवही सुरू केली, आणि या चालीच्या प्रारंभाचें श्रेय सामान्यतः त्यासच देतात. वधूनें चिनी मातीचीं भांडीं, चांदीचे चमचे, कांचेचे पेले यांचे नमुने पसंत करावे. दुकानानें ते तिच्या नांवावर लिहून ठेवावे. आप्तांनीं येऊन विचारावें, आणि जी वस्तु विकली गेली तिच्यापुढें खूण करावी, अशी ही व्यवस्था होती. १९९३ सालीं टार्गेट या अमेरिकन दुकानानें हेंच काम संगणकावर आणिलें. आतां तर इंटरनेटवर ही यादी घरबसल्या पाहतां येते व कित्येक जोडपीं वस्तूंऐवजीं प्रवासासाठीं पैसेहि सुचवितात.

या चालीवर पहिल्यापासून मतभेद आहेत. अनुकूल पक्ष म्हणतो कीं, देणाऱ्याचा पैसा वाया जात नाहीं, घेणाऱ्याची अडगळ होत नाहीं आणि काय द्यावें या विवंचनेंतून पाहुणा सुटतो. प्रतिकूल पक्ष म्हणतो कीं, भेट मागितली म्हणजे ती भेट राहत नाहीं, तें येणें होतें. शिवाय वस्तूची किंमत दोन्ही पक्षांस ठाऊक असल्यानें प्रेमास जणूं भावाची चिठी चिकटते. या वादांतून तेथील शिष्टाचाराचे कांहीं नियम ठरत गेले. यादीचा उल्लेख विवाहाच्या पत्रिकेवर करूं नये. कोणीं विचारल्यास घरच्यांनीं सांगावें. यादींत अल्प किंमतीच्या वस्तूहि असाव्या. पाहुणा यादीस बांधलेला नाहीं, त्यानें निराळें कांहीं दिलें तरी तें तितक्याच आनंदानें घ्यावें. आणि प्रत्येक भेटीबद्दल स्वहस्तें आभाराचें पत्र लिहावें. १९२२ सालीं शिष्टाचारावरील प्रसिद्ध ग्रंथ लिहिणाऱ्या एमिली पोस्ट यांनींहि वधूनें स्वतः आभारपत्रें लिहिण्यावर मोठा भर दिला होता. यादीच्या चालीची निंदा करणाऱ्यांनीं हे नियमहि वाचावे. त्यांत विनय पुष्कळ आहे.

यादीबाहेरच्या भेटीचें एक स्मरणीय उदाहरण आपल्या देशाशीं निगडित आहे. इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह २० नोव्हेंबर १९४७ रोजीं झाला, तेव्हां जगभरांतून अडीच हजारांहून अधिक भेटी आल्या व त्या लंडन येथील सेंट जेम्स राजवाड्यांत मांडण्यांत आल्या. त्यांत महात्मा गांधींनीं स्वतः कांतलेल्या सुताचें एक लहानसें विणलेलें वस्त्र होतें व त्यावर 'जय हिंद' अशीं अक्षरें होतीं. राजकन्येच्या आजी राणी मेरी यांस तें पंचा वाटलें व त्या नाराज झाल्या. हिऱ्यामाणकांच्या त्या राशींतील कित्येक वस्तु लोक विसरले. ते सूत मात्र आजहि आठवलें जातें, कारण त्यांत देणाऱ्याचे हात होते.

आतां आपल्या घराकडे वळूं. यादी आपल्यालाहि नवी नाहीं. फरक इतकाच कीं पाश्चात्यांची यादी लग्नाआधीं होते व आपली लग्नांत होते. मांडवाच्या दाराशीं वही घेऊन बसलेला विश्वासू मनुष्य कोणीं पाहिला नाहीं? कोणाचे किती रुपये, कोणाचें लुगडें, कोणाची पितळेची कळशी, हें सर्व तो बिनचूक लिहून घेतो. भांडें असेल तर त्यावर देणाऱ्याचें नांव व तारीख कोरून घेतात, आणि म्हणून आजीच्या फळीवरील भांडीं हा घराण्याचा इतिहासच होऊन बसतो. पोर्तुगीज अमदानींत, १७३६ साली, गोव्याच्या इन्क्विझिशननें फर्मान काढून विवाहांतील कित्येक देशी चालींवर बंदी घातली. तरीहि आहेराची रीति आपल्या लोकांत टिकली, कारण तिचें मूळ शेजारधर्मांत होतें. लग्नाचा खर्च एका घरास पेलत नसे. सर्वांनीं थोडें थोडें दिल्यानें तो पेलला जाई, आणि वही त्या उपकाराची आठवण ठेवी.

परंतु याच वहीला एक काळी बाजूहि आहे. आहेर मांडवांत मोठ्यानें वाचला जातो, तेव्हां शंभर रुपये देणारी विधवा व दहा हजार देणारा व्यापारी एकामागून एक ऐकूं येतात. त्या बाईची मान कां खालीं जावी? मंदिराच्या दानपेटींत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेनें सर्वांहून अधिक टाकलें, असें प्रभूनें शिष्यांस सांगितलें होतें. तोच प्रभु आपल्या मांडवांत बसला असतां ही बेरीज त्यास कशी वाटत असेल? आणि वही आठवणीची न राहतां कर्जाची झाली म्हणजे गरिबास मोलमजुरीचे पैसे उसने काढून आहेर फेडावा लागतो, किंवा लाजेनें लग्न चुकवावें लागतें. जे परतफेड करूं शकत नाहींत त्यांस मेजवानीस बोलवावें, हा ख्रिस्ताचा उपदेश संत लूकाच्या शुभवर्तमानांत आहे. ज्या घरीं आहेराच्या धाकानें शेजारी येत नाहीं, त्या घरानें तो उपदेश मोडला असें म्हणावें लागेल.

यादीचा एक तिसरा प्रकार कायद्यानें निर्माण केला आहे, आणि तो आपल्या लोकांपैकीं फार थोड्यांस ठाऊक आहे. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानें हुंडा देणें व घेणें हे दोन्ही गुन्हे ठरले. मागणी न करतां दिलेल्या भेटींस मात्र मोकळीक आहे. परंतु त्यांची यादी ठेवली पाहिजे, अशी अट घालण्यांत आली. यासंबंधींचे नियम २ ऑक्टोबर १९८५ पासून अंमलांत आले. वधूस मिळालेल्या भेटींची यादी वधूनें व वरास मिळालेल्यांची वरानें, विवाहाच्या वेळीं अथवा त्यानंतर होईल तितक्या लवकर लिहावी. तींत वस्तूचें थोडक्यांत वर्णन, अंदाजें किंमत, देणाऱ्याचें नांव व नातें असावें, आणि त्यावर दोघांच्याहि सह्या असाव्या, असें ते नियम सांगतात. वधूच्या बाजूनें दिलेल्या भेटी रूढीस धरून व देणाऱ्याच्या ऐपतीच्या मानानें अवाजवी नसाव्या, असेंहि कायदा म्हणतो. ही यादी कोणाच्या मोठेपणासाठीं नाहीं. संसारांत दुर्दैवानें वितुष्ट आलें तर मुलीचें तें मुलीस परत मिळावें, एवढ्यासाठीं ती आहे. आपल्या मुलीच्या लग्नांत छायाचित्रकारास हजारों रुपये देणाऱ्या बापानें हा एक कागद लिहिण्याचा कंटाळा करूं नये.

एवंच, यादी स्वतः पापी नाहीं व पुण्यवानहि नाहीं. ती कोण लिहितो, कशासाठीं लिहितो व कोणास ऐकवितो, यावर सर्व अवलंबून आहे. नव्या जोडप्यानें विचारणाऱ्या जिवलगांस आपली गरज मोकळेपणीं सांगावी. दहा भिंतींवरच्या घड्याळांपेक्षां एक शेगडी बरी. पत्रिकेवर मात्र मागणीचा शब्द नसावा. वही ठेवावी, पण मांडवांत वाचूं नये. आभार प्रत्येकाचे मानावे, आणि ज्यानें केवळ येऊन पंगतींत वाढलें त्याचे आधीं मानावे. ज्यांस भेटी नकोत त्यांनीं त्या ऐवजीं धर्मग्रामांतील एखाद्या गरीब मुलीच्या विवाहास हातभार लावण्याचें सुचवावें. रोमच्या त्या जुन्या बंधुसंघाचा धडा आपणांसहि गिरवितां येईल.

शेवटीं एका वहीची आठवण देऊन लेख पुरा करितों. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं ठराव केला कीं, धर्मगुरूंनीं विवाहांची नोंदवही ठेवावी व तींत वधूवरांचीं व साक्षीदारांचीं नांवें, दिवस व ठिकाण लिहावें. तेव्हांपासून चालत आलेली ती वही आपल्याहि मंदिरांत आहे. श्रीमंताचें व मजुराचें लग्न तींत सारख्याच ओळींत लिहिलेलें आहे, आणि आहेरासाठीं तींत रकानाच नाहीं. काना गांवच्या लग्नांत सहा दगडी रांजण भरून जो आहेर झाला, त्याचा देणारा कोण हें भोजनकारभाऱ्यास कळलें नव्हतें. पाणी वाहणाऱ्या चाकरांस तेवढें ठाऊक होतें. आपल्या धर्मग्रामांतील आहेरहि असाच असावा, कीं तो घराची उणीव भरून काढील आणि कोणाची मान खालीं घालणार नाहीं.